आर्न्हेमचा पूल सोसाबोव्स्कींनी घालवला? आधी तारखा बघा

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधली ‘मार्केट गार्डन’ मोहीम, म्हणजे छत्रीधारी सैनिक उतरवून आर्न्हेमसह तिथले पूल काबीज करायचा दोस्त राष्ट्रांचा बेत, फसली ती पोलिश छत्रीधारी ब्रिगेडमुळे. तिचे जनरल स्टानिस्लाव्ह सोसाबोव्स्की उशिरा आले, लढायला कां-कूं करत राहिले, म्हणूनच त्यांना काढलं.

उशिरा आले, हे खरं. १९ तारखेला उतरायचं होतं, उतरले २१ ला. पण मधले दोन दिवस ते इंग्लंडच्या धावपट्टीवर अडकले होते, कारण धुकं. धुक्याचा जाब जनरलला कसा विचारणार? त्यातही आर्न्हेमच्या पुलावर तग धरून बसलेली फ्रॉस्ट यांची ब्रिटिश तुकडी २१ च्या पहाटेपर्यंत संपली होती. पोलिश सैनिक उतरले त्याच संध्याकाळी. हातचा गेलेला पूल ते कसा घालवणार?

आता ‘लढले नाहीत’. उतरले ते ड्रीलला, ऱ्हाइनच्या दक्षिण काठावर. बरीच विमानं वाटेतून परत फिरली होती, त्यामुळे जेमतेम हजार माणसं. त्यांच्या रणगाडाविरोधी तोफा ग्लायडरमधून आधीच उत्तर काठावर गेलेल्या. म्हणजे माणसं अलीकडे, तोफा पलीकडे! ज्या तरीतून (फेरीबोटीतून) नदी ओलांडून पलीकडे अडकलेल्या ब्रिटिशांना गाठायचं, ती जागेवर नव्हती. नावाही हाताशी नव्हत्या. मग २२ च्या रात्री छोट्या रबरी होड्यांतून, जर्मन मशीनगनच्या माऱ्यात, खेपा सुरू झाल्या. पहाटेपर्यंत पलीकडे पोचले पन्नासेक. दुसऱ्या रात्री आणखी दीडशेच्या आसपास. याला कां-कूं म्हणायचं असेल तर म्हणा.

मोहीम फसायची कारणं ते येण्याआधीच ठरून गेली होती. ब्रिटिश छत्रीधारी पुलापासून दहाएक किलोमीटरवर उतरवले आणि शेजारीच हिटलरच्या एसएस दलाच्या दोन पान्झर (रणगाडा) डिव्हिजन होत्या.

राहिला हकालपट्टीचा मुद्दा. माणूस फटकळ होता, वरिष्ठांना तोंडावर सुनवायचा. आधीच्या एका योजनेच्या वेळी त्यांनी थेट लेखी हुकूम मागितला होता. २४ तारखेला व्हालबर्ग गावी वरिष्ठांबरोबर झालेल्या बैठकीतही थोड्या माणसांनिशी पुन्हा नदी ओलांडायला त्यांनी विरोध केला. कोणी ऐकलं नाही. त्या रात्री ब्रिटिश डॉर्सेट रेजिमेंटचे तीनशेवर जवान पार झाले आणि त्यातले बहुतेक परतलेच नाहीत. १७ ऑक्टोबरला मोहिमेचे ब्रिटिश सेनापती मॉंटगोमेरींनी पत्रात लिहिलं की पोलिश सैनिक वाईट लढले, जिवावर उदार व्हायला तयार नव्हते. आजचा दावा म्हणजे त्याच पत्राची नक्कल. डिसेंबरात सोसाबोव्स्कींकडून ब्रिगेड काढून घेतली.

खरं तर ही ब्रिगेड उभारलीच होती वॉर्साच्या मुक्तीसाठी. पण वॉर्साचा उठाव चालू असताना तिला हॉलंडला पाठवलं गेलं. सोसाबोव्स्कींचा मुलगा त्या उठावात लढत होता. त्यात त्याचे डोळे गेले.

युद्धानंतर जनरलसाहेब लंडनच्या अ‍ॅक्टन भागात कारखान्यात कामाला लागले. १९६७ मध्ये ते वारले. डच सरकारने त्यांना ‘ब्राँझ लायन’ हे शौर्यपदक दिलं २००६ मध्ये, मरणोत्तर.