मोबाइलचं ॲप चाकावरचा भार मोजत नाही

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या गॅरेजांत आणि टेम्पोमालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: ‘मोबाइल डॅशबोर्डवर ठेवा, ॲपमध्ये त्वरण बघा, गाडीच्या वजनाने गुणा, चाकावरचा भार मिळाला. खड्ड्याचा धक्काही ॲपमध्ये दिसतोच. उभ्या गाडीसाठी वजनकाटा आहेच. स्ट्रेन गेज पावसात बिघडतात, त्यांवर पैसे घालवू नका.’ स्ट्रेन गेज म्हणजे धातूवर चिकटवायची बारीक पट्टी; धातू ताणला की तिचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून भार कळतो. मेसेजमधल्या हिशोबावर कोणी स्प्रिंगचे पाटे वाढवतं, कोणी ब्रॅकेटची जाडी ठरवतं. म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

‘वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे बल.’ सूत्र बरोबर आहे, पण त्यातून निघतं ते अख्ख्या गाडीवरचं बल. कोणत्या चाकाच्या वाट्याला किती आलं, ते त्यात नाही. १२०० किलोची कार ०.५ जी (गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्या) त्वरणाने वळते आहे, गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांत १.५ मीटर अंतर असं धरा. आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे २१६० न्यूटन, म्हणजे २२० किलोचा भार सरकतो. त्यातला पुढे किती नि मागे किती, हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (गाडीचं कलणं कमी करणारी सळई) ठरवतात. फोनला ते कळत नाही. शिवाय बॉडी ४ अंश कलली की गुरुत्वाकर्षणाचाच ०.०७ जी आडव्या त्वरणात मिसळतो. ०.५ मध्ये ही १४ टक्के चूक झाली.

‘खड्ड्याचा धक्का ॲपमध्ये दिसतोच.’ दिसतो तो सस्पेन्शनने गाळलेला. घोडबंदर रोडवर ताशी ४० किलोमीटरने जाताना ३० सेंटिमीटरचा खड्डा २७ मिलिसेकंदांत मागे पडतो. सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या फोनच्या हाती तेवढ्यात दोन-तीन नोंदी लागतात. सर्वांत मोठा झटका त्यांच्या मधेच निसटतो.

वजनकाटा ओव्हरलोड पकडतो. धावताना तडा का गेला, ते सांगत नाही.

‘स्ट्रेन गेज पावसात बिघडतात.’ बिघडतात ते लावण्यातल्या घाईमुळे. ३५० ओहमच्या गेजला ओलाव्याने १ मेगाओमची गळती लागली, तरी रीडिंग सुमारे १७५ मायक्रोस्ट्रेनने (लांबीत दहा लाखांत १७५ भागांच्या बदलाइतकं) सरकतं; पोलादात हा ३५ मेगापास्कलचा खोटा ताण. म्हणून रंग खरवडून पोलाद उघडं करा, आधी २२० मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आणि कापूस पांढराच राहीपर्यंत ॲसिटोनने पुसा. सायनोॲक्रिलेटचा पातळ थर, वर टेफ्लॉनचा तुकडा, अंगठ्याने मिनिटभर दाब. सोल्डरिंगनंतर गेज आणि पोलादामधला इन्सुलेशन रोध निदान ५०० मेगाओम हवा. तो ५० व्होल्टच्या आतल्या मीटरनेच तपासा. वायरमनच्या ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) गेजच जाऊ शकतो. वरून लावायचा सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचा नको: त्यातलं ॲसेटिक ॲसिड तारा आणि सोल्डर खातं.

जागाही नीट निवडावी लागते. पाट्यांवर गेज लावला तर त्यांच्या आपसातल्या घर्षणामुळे भार चढताना एक आणि उतरताना दुसरंच रीडिंग येतं. एक्सलच्या वर-खाली लावलेला बेंडिंग ब्रिज (वाक मोजणारी गेजांची जोडणी) वळणावर टायरचं आडवं बलही उभ्या भारात धरतो. त्यापेक्षा स्प्रिंगची बैठक आणि चाक यांच्यामधे, एक्सलच्या पुढच्या-मागच्या अंगाला मध्यरेषेवर, ४५ अंशांत शिअर ब्रिज (कातर बल मोजणारी गेजांची जोडणी) लावा. चाकाखाली लोड सेल (भार मोजणारा सेन्सर) ठेवून टप्प्याटप्प्याने भार चढवत आणि उतरवत कॅलिब्रेट करा. ब्रिजच्या बाहेर राहिलेल्या चाक, हब आणि ड्रमचं जडत्व मात्र त्याला दिसत नाही. त्यासाठी ५० जीपर्यंतचा त्वरणमापक हबजवळ बसवा. तिथलं त्वरण गुणिले त्या भागांचं वस्तुमान ब्रिजच्या बलात मिळवलं की टायरखालचा खरा भार हाती येतो.