दिसतोय की उजेड!

काल संध्याकाळी शेजारच्या काकांनी मी घरी बनवत असलेल्या गिटारच्या टॉपवरून, म्हणजे पुढच्या फळीवरून, बोट फिरवलं, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला आणि विचारलं, "ही तर अखंड फळी आहे. मग चार दिवस तू करत काय होतास?"

मी गप्प बसलो. हातात रंधा होता आणि त्याच्या पात्याला त्याच दिवशी धार लावली होती. गप्प बसणंच दोघांच्या हिताचं होतं.

अखंड नाही हो ती! स्प्रूस नावाच्या लाकडाची एक फळी जाडीत चिरायची, पुस्तकासारखी उघडायची आणि दोन्ही पानं मधोमध चिकटवायची, म्हणजे डावीकडच्या रेषा उजवीकडे आरशात पडल्यासारख्या दिसतात. कड जेमतेम ४ मिलिमीटर जाड, लांबी हातभर. तेवढी सरळ करायची. सांगायला एक वाक्य लागलं, करायला चार दिवस.

त्यासाठी पानं मिटून एकावर एक ठेवायची आणि कुशीवर निजवलेला रंधा दोन्ही कडांवरून एकदमच फिरवायचा. यात गंमत अशी, की रंधा थोडा कलला तरी चालतं. एक कड ८९ अंशांची झाली तर दुसरी ९१ ची होते. पुस्तक उघडलं की बेरीज १८०. इतका दिलदार हिशोब मला आयुष्यात दुसरीकडे कुठेच भेटलेला नाही. पण माफी फक्त कलण्याला. लांबीत खळगा पडला तर तो दोन्ही पानांना पडतो आणि फट दुप्पट होते. सुरुवातीला जोर रंध्याच्या पुढच्या टोकावर, संपताना मागच्या, हे डोक्याला कळतं. हाताला कळत नाही. माझा हात दोन्ही टोकांना जास्त लाकूड खातो, मध्ये कुबड राहतं आणि एका कडेवर दुसरी ठेवली की होकायंत्राच्या सुईसारखी गोल फिरते.

खरी परीक्षा खिडकीत. कडेला कड लावून पानं उजेडासमोर धरायची. केसाहून बारीक फटीतूनही उजेड येतो. मी एक डोळा मिटून बघत होतो तेव्हा काका आले.

"काय बघतोस?"

"उजेड दिसतो का ते."

"मग खिडकी उघड ना."

मी समजावून सांगितलं, हीच चूक झाली. काकांना वर्तमानपत्र हात लांब करून धरल्याशिवाय वाचता येत नाही, पण त्यांनी पानं हातात घेतली मात्र, आणि चतुर्थीचा चंद्र दिसावा तसे ओरडले, "दिसतोय की उजेड! हा काय, मधून खाली!" मग मागे वळून, "अगं ए, इकडे ये, याची फट बघ."

काकू आल्या. त्यांनी बघितलं. "मला तर काही दिसत नाही."

"अगं, डोळा मिटून बघ."

"मिटलेत की."

"दोन्ही नाही! एक!"

त्यानंतर रोज सकाळी काका तपासणीला हजर. मी रंध्याने लाकडाची साल काढायची, त्यांनी उजेड शोधायचा. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना फट दिसेना. "बघ," ते म्हणाले, "माझ्या हातात बरोबर जुळतात. तुला धरताच येत नाहीत."

ते दाबून धरत होते! एवढी पातळ पानं दाबली तर कुठलीही फट मिटते. पण लाकूड अशी जबरदस्ती मनात धरतं. पुढे सहा पोलादी तारा मिळून सुमारे ७० किलोंनी ओढतात, तेव्हा त्याला सगळं आठवतं. हे मी सांगितलं. काका म्हणाले, "मग फटीत भुसा आणि फेविकॉल भर."

खुर्चीला चालेल ते. पांढरा सरस म्हणजे भेगा बुजवायची लांबी नव्हे. त्याला लाकडाला लाकूड भिडलेलं लागतं. भिडलं तर सांधा शेजारच्या लाकडाहून पक्का होतो, नाही भिडलं तर तो नुसता वाळतो. "मग पॉलिश पेपरने घास." तेही काकांना न सांगता आदल्या रात्री करून झालं होतं. टोकं गोल झाली, लाकडाच्या छिद्रांत धूळ बसली आणि रंध्याने कमावलेलं सगळं घालवून बसलो.

चौथ्या दिवशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता साल निघाली. खिडकीत काळोख. काकांची वाट न बघता सरस लावला, दोरी आवळली, पाचरी ठोकल्या. दुसऱ्या दिवशी रंधून सपाट केलं, तर सांधा मलाच सापडेना. पेन्सिलने खूण करून ठेवावी लागली.

आणि त्यावर हा प्रश्न. फट होती तेव्हा बघायला रांग लावली होती या माणसाने! उद्या टॉपच्या गोल भोकाभोवती रंगीत नक्षी बसवीन, तिच्यावर सगळे तुटून पडतील, "हे कसं केलंस हो?" म्हणतील. नक्षीला एक दुपार लागते. सांध्याबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही, आणि हे मला लागतं, विनोद म्हणून सांगत असलो तरी.

तोरेस नावाच्या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदी लगद्याच्या केल्या. टॉप तेवढा स्प्रूसचा ठेवला. आवाज टॉपमधून येतो, हे त्याला दाखवायचं होतं असं म्हणतात. मला आता वेगळाच संशय येतो. त्यालाही शेजारी असणार, आणि पाठीचा सांधा टाळायचा असणार.

कारण माझी पाठ अजून बाकी आहे. तिच्या मधोमध शोभेची पट्टी घालायचं ठरवलंय, निदान ती तरी लोकांना दिसेल. काकांना चित्र काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे पट्टीच्या अलीकडे एक सांधा आणि पलीकडे एक?"

"हो."

"दोन फटी," काका उठत म्हणाले. "उद्या जरा लवकरच येतो."