उलटे आटे

ही सायकल माझी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि गुडघ्याला पट्टा बांधून जिना उतरणाऱ्या माणसानं आपणहून फिक्सी विकत घेतली, असा कुणाचा समज व्हायला नको. सायकल भाच्याची. तो जर्मनीत आखनला शिकायला गेला, आणि निघताना आईच्या गळ्यात पडायच्याही आधी माझा हात धरून म्हणाला, "मामा, आठवड्यातून एकदा तरी चालव रे. नुसती उभी राहिली की बिघडते." आमच्याकडे एवढ्या कातर आवाजात आजवर फक्त गाभण गाईबद्दल बोललं गेलंय.

फिक्सी म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल. तुमच्या-माझ्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. उतार लागला की आपण पाय थांबवतो, मागून टिकटिकटिक आवाज येतो आणि आपण इकडेतिकडे बघत निवांत खाली येतो. त्या टिकटिकीला मी पन्नास वर्षांत (बरं, सत्तेचाळीस) कधी किंमत दिली नव्हती. फिक्सीत ती नसते. मागची दातेरी चकती थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आवळलेली असते. चाक फिरलं की चकती फिरणार, चकती फिरली की चेन, चेन फिरली की पॅडल, आणि पॅडलवर ज्याचे पाय असतील त्याचे पाय. पहिल्याच रविवारी चांदणी चौकाकडून कोथरूडला खाली येताना मी सवयीनं पाय सैल सोडले. सायकलीनं ते उचलले आणि फिरवायला घेतले. चाळीसच्या वेगाला मिनिटाला शंभरावर फेरे होतात, हा हिशेब मी नंतर कागदावर केला. त्या क्षणी मी फक्त कुलदैवताचं नाव घेत होतो. माझ्या बहिणीनं लेकाला शपथ घालून पुढचा ब्रेक तेवढा बसवून घेतला होता, म्हणून आज हे लिहितोय. खऱ्या ट्रॅकवरच्या सायकलींना तोही नसतो.

तर महिनाभरानं मागून कुरकुर ऐकू यायला लागली. चेन बघायची म्हणून मुलीच्या कंपासपेटीतली फूटपट्टी काढली. चेनीच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे चोवीस पिना पुढं गेलं की बरोबर बारा इंच व्हायला हवेत. माझ्या चेनीत बारा इंचांची रेघ संपली, पट्टीचं प्लास्टिकही संपलं, तरी चोविसावी पिन यायचीच होती. चकतीचे दात मांजराच्या नखांसारखे पुढं वाकलेले. आणि मागचं टायर! एरवी बरं, पण एका जागी वीतभर टक्कल. आतला धागा दिसत होता. बाकी कुठं ओरखडा नाही.

या टकलाचं गणित मला इतकं आवडलं की मुख्य काम बाजूला ठेवून मी दोन संध्याकाळी त्यातच घालवल्या. ही पोरं ब्रेक मारायचा म्हणजे पॅडल मध्येच अडवून धरतात, मागचं चाक जाम होतं आणि फरफटत जातं. पॅडल अडवायची पायाची जागा दर वेळी तीच. पुढं ४८ दात, मागं १६. भागाकार बरोबर ३. म्हणजे पॅडलचा एक फेरा पुरा झाला की चाकाचे नेमके तीन फेरे होतात, आणि भाचा जेव्हा जेव्हा पाय अडवणार तेव्हा तेव्हा टायरचा तोच भाग रस्त्यावर घासणार. शाळेत अंशछेदाला संक्षिप्त रूप देताना आम्ही विचारायचो, याचा आयुष्यात उपयोग काय? तर हा. ४८ भागिले १७ ला संक्षिप्त रूप नाही, तिथं टायर सतरा ठिकाणी वाटून झिजतं. १८ घेतलेत तर आठ भागिले तीन, म्हणजे पुन्हा तीनच जागा. एक दात वाढवला आणि सतराचे तीन झाले! मी १९ ठरवली. एकोणीस जागा, आणि गुडघ्यालाही जरा सोपं. बायकोला हे समजावलं. ती म्हणाली, "पण तू फरफटत कशाला जाणार आहेस?" हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता.

मग खरेदी. बाणेरच्या एका चकचकीत दुकानात गेलो. एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर टांगलेल्या सायकली. काउंटरवरच्या मुलाच्या दंडावर चेनव्हीलचं गोंदण होतं. मी चकती म्हटलं, तो कॉग म्हणाला. मी चेन म्हटलं, तो म्हणाला, "थ्री थर्टीसेकंड की वन एट, अंकल?" मी सराफाच्या दुकानात बायको करते तसं "दाखवा ना दोन्ही" म्हणालो. मग त्यानं जपानी चकती काढली. तिच्यावर एनजेएसचा ठसा. जपानात केरीन म्हणून सायकलींच्या शर्यती होतात, १९४८ पासून, आणि त्यांच्यावर लोक पैसे लावतात, अगदी कायदेशीर. कुणाच्या सायकलीला जास्तीचा फायदा मिळून लावलेले पैसे बुडू नयेत म्हणून हबपासून चकतीपर्यंत सगळं तपासून ठसा मारलेलं असावं लागतं. त्या ठशाची किंमत ऐकून मी चकती मखमलीवर अलगद परत ठेवली. माझ्यावर कोण पैसे लावणार? बिनठशाची १९ दातांची घेतली. टायर २३ चं होतं ते जरा जाड, २८ चं घेतलं, आपले रस्ते बघता. आणि चेन घेतली ती दोघींतली दिसायला नाजूक, चंदेरी.

घरी येऊन लक्षात आलं की नाजूक चेन चकतीवर बसतच नाही. थ्री थर्टीसेकंड ही चेनीची इंचातली रुंदी, म्हणजे साधारण २.४ मिलिमीटर, वन एट म्हणजे ३.२. चकतीचे दात जाड, चेनीचं तोंड अरुंद. चेन दातांच्या टोकांवर येऊन उभी राहिली, पाहुणा उंबऱ्यावर चपला घालून ताटकळावा तशी. पाऊण मिलिमीटरसाठी! दुकानात फोन केला तर पाकीट फोडलेलं परत घेत नाही म्हणाले.

शेवटी सगळा ऐवज पिशवीत घालून नानांकडे गेलो. नाना म्हणजे आमच्या शाळेच्या भिंतीला लागून उंबराखाली बसणारे सायकलवाले. फांदीला टायरं, खाली पंक्चरची पाण्याची घमेली, आणि डालड्याचे तीन जुने डबे. त्या डब्यांत काय नाही ते विचारा. नानांनी चंदेरी चेन दोन बोटांत धरून नाकासमोर लोंबवली, पिशवीत परत टाकली आणि मागच्या खिळ्यावरून एक काळी, ग्रीस माखलेली चेन काढून चकतीवर ठेवली. झोपाळ्यावर बसावं तशी बसली.

"ही कुठली?"

"दूधवाल्याच्या सायकलीची. वन एट. दोनशे वीस."

म्हणजे जगातल्या या सगळ्यात नखरेल सायकलीला लागते ती दूधवाल्याची चेन. बाणेरच्या मुलाला हे माहीत असणार, पण त्याच्याकडे दूधवाला येत नसणार.

आता जुनी चकती काढायची. तिच्यावर खाचा असलेली एक बारीक रिंग असते, लॉकरिंग. नानांनी छन्नी खाचेत टेकवली, हातोडा उचलला आणि मी ओरडलो, "नाना, उलटं!"

"काय उलटं?"

"आटे उलटे आहेत. सुटायला घड्याळाच्या दिशेनं फिरवायचं."

नानांनी हातोडा खाली ठेवला. "साहेब, डावं पॅडल उलटं, मान्य. कमरेची, म्हणजे पॅडलच्या आसाची, उजवी वाटी उलटी, तीपण मान्य. आता ही रिंगपण उलटी? मग सुलटं काय आहे या सायकलीत?" आणि माझ्याकडे बघत, सावकाश, तीन घाव सुलट्या दिशेनं घातले. रिंग जी आवळली ती आवळलीच. मग दीड तास गेला. रॉकेल सोडलं, चहा झाला, परत रॉकेल. शेजारच्या रिक्षावाल्यानं फुकटचा सल्ला दिला आणि छन्नीही दिली, ती मोठी होती. शेवटी मी म्हटलं तसं, घड्याळाच्या दिशेनं, नानांचा शिकाऊ पोरगा लाजत लाजत मारायला लागला. चौथ्या घावाला कट्‌ असा आवाज झाला आणि रिंग हातानं फिरू लागली. नाना तेव्हा पलीकडच्या लुनाच्या पंक्चरमध्ये अतिशय गुंतलेले होते.

चकती मात्र सुलट्या आट्यांची. ती त्यांनी दोन मिनिटांत काढली. जुन्या चेनीचा हातभर तुकडा एका लोखंडी पट्टीला रिबिटानं ठोकलेला असतो, तो चकतीवर लपेटला, चाक मांडीत धरलं, एक झटका. बाणेरच्या दुकानात हेच हत्यार रबरी मुठीचं मिळतं.

इथं नानांना एक कल्पना सुचली, आणि ती ऐकून माझ्या पोटात गोळा आला. "साहेब, एवढे लाड कशाला? ॲटलसचा हब घ्या. फ्रीव्हील काढू, तुमची ही चकती त्याच आट्यांवर बसेल, वरून कमरेची रिंग आवळू. चारशेत काम." आणि खरंच बसते! आटे तेच, १.३७ इंच, इंचाला चोवीस. नाना त्यांना बीएसए आटे म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळची बंदुका करणारी कंपनी, तिच्या छापावरही तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या. पण भानगड अशी की त्या हबवर चकतीही सुलटी आणि रिंगही सुलटी. उतारावर पाय मागं दाबून सायकल रोखायला गेलं की दोघी हातात हात घालून सुटतात, आणि तुम्ही पॅडल मारत राहता, चाकाला काही पत्ता नाही. ज्या देशांत ही सायकल फार चालते तिथं अशा जोडणीला आत्महत्येचा हब म्हणतात. माझ्या हबवर रिंगेचे आटे उलटे असतात ते एवढ्यासाठीच: चकती सुटायला निघाली की तिच्याच रेट्यानं रिंग आणखी आवळते. हे मी पेन्सिलीनं चेनच्या पाकिटावर काढून दाखवलं. नानांनी पाकीट बराच वेळ बघितलं. "ज्यानं केलं तो येडा नव्हता," म्हणाले, आणि पाकीट घडी करून खिशात ठेवलं.

मला वाटलं, झालं. चकती बसली, रिंग बसली (उलटी, एका दमात), जाड टायर चढलं. चेन तोडून जोडली, चाक मागं ओढलं. टायर फ्रेमच्या उभ्या नळीला घासतंय. जाड टायर माझीच अक्कल. मग चेनीत एक कडी वाढवली. आता चाक इतकं मागं आलं की ॲक्सल खाचेच्या ओठावर, नट निम्माच धरतोय. चेन लांब करायची तर एक रुंद आणि एक अरुंद अशी जोडीच घालावी लागते, म्हणजे अख्खा एक इंच, म्हणजे चाक अर्धा इंच मागं. मला हवं होतं त्याच्या निम्मं. गिअरच्या सायकलीला चेन सैल झाली तर खेचून धरणारं स्प्रिंगचं काहीतरी असतं. इथं ताण द्यायला फक्त चाकच मागंपुढं करायचं. आणि सैल सोडून चालत नाही, चेन धावत्या चाकावरून उतरली तर थेट जाम.

काढली कडी, घातली कडी. घासतंय, निसटतंय. नाना घामाघूम. मी जुन्या टायरला लावायला ठिगळ मिळेल का विचारून पाहिलं. तेवढ्यात नाना उठले, मधला डालड्याचा डबा जमिनीवर पालथा केला. छर्रे, कोन, कॉटर पिना, व्हॉल्व्ह, घंटीच्या वाट्या, एक घरंगळत गटारीकडे निघालेला नट पोरानं पायानं अडवला. त्या ढिगात बोट फिरवत फिरवत त्यांनी एक इवलीशी कडी उचलली, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद, कंबरेत वाकलेली. अर्धी कडी.

"पोरांच्या त्या उड्या मारायच्या सायकली असतात ना, एकीची निघाली होती. पाच-सहा वर्षं झाली. ठेवली होती."

अर्धी कडी घातली. चाक बरोबर मधोमध बसलं, टायरला बोटभर जागा, नटाला पुरता आधार. नानांनी पॅडल हातानं फिरवलं. आवाजच नाही. मग पॅडल उलटं फिरवलं, चाक उलटं फिरलं. पुन्हा सुलटं. पुन्हा उलटं. पोरगा तोंड उघडं ठेवून बघत होता, आणि नाना त्याला न रागावता आणखी एकदा फिरवत होते.

"उद्या न्या," ते म्हणाले.

"का? झालं की."

"ग्रीस मुरू दे."

ग्रीस म्हणजे काय लिंबाचं लोणचं आहे? पण सहा वाजून गेले होते आणि मघाच्या तीन घावांबद्दल नानांना मी अजून काही बोललो नव्हतो, तेव्हा हेही बोललो नाही.

साडेसातला कोथिंबीर आणायला निघालो तर शाळेच्या मैदानात दिव्याखाली काहीतरी गोल गोल फिरत होतं. नाना. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, मान खाली, नजर स्वतःच्याच पायांवर, ते पाय दुसऱ्या कुणाचे असावेत अशी. मागून पोरगा धावत होता. "नाना, ब्रेक दाबा! पुढचा!"

"गप रे, जमतंय आता!" नाना ओरडले आणि आणखी एका फेरीला गेले. थांबता येत नसल्यामुळं की काय, सांगता येणार नाही.

मी वळून पलीकडच्या गल्लीनं मंडईत गेलो. रात्री भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "मामा, चालते ना रे रोज?"

म्हटलं, "अरे, आत्ता बाहेरच आहे."