खुलासा: जीनोम नसला तरी आरएनए सिक्वेन्सिंग वाया जात नाही

बेळगाव-खानापूरकडच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'ज्या झाडाचा जीनोम उपलब्ध नाही, त्याचं आरएनए सिक्वेन्सिंग म्हणजे पैसे पाण्यात.' हे चूक आहे. जीनोम म्हणजे सजीवाच्या डीएनएची ए, सी, जी, टी या अक्षरांत लिहिलेली पूर्ण माळ, आणि आरएनए सिक्वेन्सिंग म्हणजे त्यातल्या चालू जीन्सच्या आरएनए प्रती वाचणं. जांबोटीच्या जंगलातल्या वनस्पतींवर काम करायचं ठरवलेली दोन मुलं तो वाचून विषय बदलायला निघाली, म्हणून लिहितोय.

जीनोम असेल तर हायसॅट२सारखं साधन रीड्स (सिक्वेन्सिंगमधून मिळालेले छोटे तुकडे) त्यावर बसवतं आणि स्ट्रिंगटाय हे दुसरं साधन त्यांतून ट्रान्सक्रिप्ट (जीनच्या सलग आरएनए प्रती) उभे करतं. नसेल तर रीड्स एकमेकांनाच जोडायचे. एका रीडचा शेवट 'सीसीटीए' आणि दुसऱ्याची सुरुवातही 'सीसीटीए', तर दोन्ही तिथे सांधता येतात. अर्थात चार अक्षरांवर भागत नाही. 2011 साली आलेलं ट्रिनिटी हे सॉफ्टवेअर 25 अक्षरांचे तुकडे घेऊन हेच काम करतं.

या वाटेने चुका जास्त होतात, एवढं मात्र खरं. सारखे दिसणारे दोन जीन एकात मिसळतात, पानावरच्या बुरशीचा आरएनएही यादीत शिरतो. आणि लाखभर ट्रान्सक्रिप्ट निघाले म्हणजे लाखभर जीन नव्हेत. एकाच जीनचे कितीतरी तुकडे त्यात असतात. म्हणून बुस्कोने (अपेक्षित जीन्सपैकी किती सापडले ते मोजणाऱ्या साधनाने) पूर्णता तपासायची, मूळ रीड्स परत बसवून किती बसतात ते बघायचं. जवळच्या जातीचा जीनोम उसना घेतानाही जपून, फार वेगळे रीड्स त्यात गळून पडतात.

चांगला जीनोम हाताशी असेल तर तोच वापरा. त्या दोघांनी विषय बदलायचा अर्ज अजून दिलेला नाही. बाळांनो, देऊ नका.