जात: मिश्र, चावतात का: नाही

घर बदललं आणि मासे हलवायचे होते, एवढीच गोष्ट. ११ मासे. ४ गप्पी, ६ निऑन टेट्रा आणि १ सकर, जो दिवसभर काचेला तोंड लावून असा बसतो की भाडेकरार त्याच्याच नावावर आहे. आदल्या दिवसापासून खायला बंद, कारण पोट भरलेलं असलं की पिशवीतच घाण करतात आणि एवढ्याशा पाण्यात त्या घाणीचा विषारी अमोनिया चढायला वेळ लागत नाही. पिशवीत एक भाग पाणी दोन भाग हवा, वर डबल रबरबँड, आणि सगळ्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात जरा गप्प राहतात म्हणून. टेम्पोवाला म्हणाला भरलेला टँकच उचलू की साहेब, कशाला उपद्व्याप. अरे १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर काच आणि खडी वेगळी. तर म्हणे फ्रिज उचलतोच की आम्ही. असो.

खोकं छातीशी धरून लिफ्टपाशी पोचलो तर काका उभे. कमिटीचे. हाफ पँट, गळ्यात चष्म्याची दोरी, काखेत फाइल.

"काय आहे खोक्यात?"

इथे मी काचसामान म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण मी म्हणालो, "मासे. जिवंत आहेत."

"म्हणजे पाळीव प्राणी. फॉर्म भरावा लागेल."

फाइलमधून फॉर्म निघाला. तो कुत्र्यांसाठी केलाय हे कुत्र्यालाही कळलं असतं, पण वर पाळीव प्राणी असं छापलेलं, त्यामुळे काकांच्या लेखी विषय संपला. खोकं जरा खाली ठेवा असंही म्हणाले नाहीत, सरळ एकेक कॉलम मोठ्याने वाचायलाच लागले.

"जात?"

"तीन प्रकारचे आहेत."

"मिश्र," काकांनी लिहिलं. "उंची?"

"आडवे असतात हो ते."

"बरं, लांबी लिहितो. लसीकरण?"

"काका, मासे आहेत."

"झालंय की नाही तेवढं सांगा."

"नाही."

त्यांनी टिक केली आणि चष्म्यावरून असं बघितलं की क्षणभर मला खरंच वाटलं, आपण पोरांकडे दुर्लक्ष केलं.

"चावतात?"

"नाही."

"रात्री आवाज?"

आवाज असतो, एअर पंपाचा, घूंऽऽ असा रात्रभर. नाही म्हणालो. एव्हाना हात भरून आले होते आणि आतली एक पिशवी कलंडल्याचं जाणवत होतं.

"फिरवायला कुठे नेणार?"

"कुठेच नाही!"

"गार्डनमध्ये नेणार नाही असं लिहून द्या."

आणि मी दिलं हो लिहून! खोकं गुडघ्यावर तोलत, एका हाताने, 'मी माझे मासे गार्डनमध्ये फिरवणार नाही', खाली सही, तारीख. तेवढ्यात लिफ्ट उघडली, एक ताई वासराएवढा कुत्रा घेऊन बाहेर आल्या, त्याने माझं खोकं हुंगलं, आणि काका लाडात येऊन म्हणतात कसे, "काय ब्रूनो, निघाली का स्वारी?" ब्रूनोचा फॉर्म भरलाय का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही, रात्री दोन वाजता सुचलं.

वर गेलो तर आई पुढे येऊन कामाला लागलेली. फिल्टरचा स्पंज मी मुद्दाम जुन्या टँकच्या पाण्यात बादलीत ठेवला होता, तो दोरीवर वाळत होता. "किती कळकट झाला होता रे, नळाखाली चोळून चोळून धुतला." आता आईला काय सांगणार की ती कळकटच खरी कमाई होती, त्यातलेच बॅक्टेरिया अमोनिया मारतात, नळाच्या क्लोरीनने ते गेले आणि पुन्हा बसायला ४ ते ६ आठवडे जातील. काही बोललो नाही. म्हणजे बोललो, आणि मग तीच दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून रोज पाव टँक पाणी उपसतोय, नवं पाणी भरून, क्लोरीन मारायचे थेंब टाकून, कंबर धरून. घरात कोणी विचारत नाही. फ्रिज मात्र जागेवर लागला का, हे सगळ्यांनी दोनदा विचारलं.

मासे मात्र सगळे जगले. पिशव्या वीस मिनिटं पाण्यावर तरंगवल्या, मग थोडं थोडं नवं पाणी आत, मग जाळीने एकेकाला सोडलं. सकरने सगळी काच फिरून पाहिली आणि शेवटी मागचा कोपरा धरला.

आज सकाळी बघतो तर एक गप्पी व्यायलेली. काचेला डोळा लावून १४ पिल्लं मोजली, पुढची खडीत शिरली. लपायला घाईघाईने दोन रोपं सोडली, पण गप्पीत आईच आधी तोंड मारते. खाली आलो तर काका लिफ्टपाशीच.

"अकराच आहेत ना? संख्या बदलली तर नवा फॉर्म."

"अकराच," मी म्हणालो. संध्याकाळपर्यंत होतीलही.