पुन्हा तोच गळ, तोच रेनकोट

दर वेळी ठरवते, आता असल्या सिनेमांना नाही जायचं. आणि दर वेळी तिकीट काढते. गाढवपणा माझाच!

'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' या भयपटाचा 2025चा नवा भाग पाहिला. 1997च्या मूळ सिनेमात चार पोरं गाडीखाली आलेल्या माणसाला सरळ समुद्रात ढकलून देतात. पाप त्यांचं, म्हणून भीतीही खरी. इथे काय? रस्त्यात मस्ती करणाऱ्या एका मित्राला चुकवताना एक गाडी कड्यावरून कोसळते. बरं, ही मित्रमंडळी मदतीला धावतातही. मग तो रेनकोटातला गळवाला खुनी एवढा चवताळतो कशाला?

आणि दोन खुन्यांपैकी एक कोण, तर मूळ सिनेमाचा नायक रे ब्रॉन्सन! (अजून पाहिला नसेल तर सॉरी, पण पैसे वाचले समजा.) 28 वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला, त्या रे झालेल्या फ्रेडी प्रिन्झ ज्युनियरच्या हातात गळ? कारण काय, तर गावाने जुन्या खुनांचं सगळं झाकून टाकलं म्हणे. मूळ नायिका जेनिफर लव्ह ह्यूइटला परत आणलंय ते फक्त आमच्या जुन्या आठवणी कुरवाळायला.

वर श्रेयनामावली सुरू असताना पुढच्या भागाची चाहूल. अरे, आवरा!

जाईनच म्हणा मी.