डायलिसिस नुकतंच सुरू झालेल्यांसाठी सोयीच्या सूचना

सर्वप्रथम अभिनंदन! आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, एसीत पाय पसरून पडायची सोय झाली. घरून कोणी 'नुसते लोळत असता' म्हणणार नाही. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यातला, टीव्हीपासून लांबचा बेड हेरून ठेवा. तो आधीच कुणा काकांनी हेरलेला असेल. ते पाच वर्षं येताहेत, वाद घालू नका.

पाण्याचा हिशोब समजून घ्या. तुमच्या वाट्याला दिवसाला साधारण लिटरभर. त्यात चहा, ताक, वरण आणि गोळी गिळायचा घोटही धरायचा. (कटिंग चहा काढणाऱ्याला पुण्य लागो.) शेजारचं मशीन मात्र मिनिटाला अर्धा लिटर द्रव रिचवतं, म्हणजे चार तासांत 120 लिटर. भर मे महिन्यात, घसा कोरडा पडलेला असताना त्याच्याकडे बघत पडून राहायचं. जळू नका, ते तुमच्याच नावावर पितंय.

अंगात किती पाणी साठलंय ते दर वेळी वजनावरून ठरतं, म्हणून काट्यावर चढण्याआधी चपला, मोबाइल, किल्ल्या काढा. चष्मा काढणारेही आहेत. तरी टेक्निशियन आकडा बघून विचारतोच, "काका, लग्न होतं का?" नाही म्हणून सांगा. मग मशीन तीन किलो पाणी ओढायला घेतं आणि तिसऱ्या तासाला पोटरीत असा गोळा येतो की जिलबीपासून मठ्ठ्यापर्यंत अख्खी पंगत आपोआप कबूल होते.

हातातल्या फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने केलेल्या जोडाचा, पुरेपूर फायदा घ्या. शीर धमनीला जोडलेली असल्यामुळे तिथे कान लावला तर मांजर घुरघुरल्यासारखं ऐकू येतं. नातवंडं खूश. शिवाय त्या हाताने जड उचलायचं नाही, ही डॉक्टरांची आज्ञा. मंडईतली पिशवी नेहमी त्याच बाजूला असते, हे लक्षात ठेवा.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणेल. त्यात पोटॅशियम ठासून भरलेलं, ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडं संपावर, आणि रक्तात ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. पाहुण्यांना हे समजवायच्या भानगडीत पडू नका. "नैसर्गिक आहे हो, त्याने काय होतंय!" हे उत्तर तयार असतं. तोंड भरून आभार माना आणि सोबत आलेल्या मेव्हण्याला पाजा. माझ्या मेव्हण्याची तब्येत हल्ली फार सुधारली आहे.

चौकशी करणाऱ्या शाकाहारी मावशींना या यंत्राचा इतिहास जरूर ऐकवा. 1943 साली नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी रक्त गाळायला सॉसेजचं सेलोफेनचं आवरण वापरलं होतं. सॉसेज म्हणजे काय तेही सविस्तर सांगा. मावशी पुन्हा येत नाहीत.

आणि सर्वांत मोठी सोय: "त्या दिवशी माझं डायलिसिस आहे." मुंज, साखरपुडा, सोसायटीची मीटिंग, कशालाही चालतं, उलट समोरचाच ओशाळतो. फक्त मुहूर्त रविवारचा निघाला की पंचाईत. रविवारी सेंटर बंद असतं, हे आत्याला पाठ आहे.